येऊ द्या, येऊ द्या… थांबा!

आमच्या साडूंची गाडी कागदावर ताशी पावणेतीनशे किलोमीटर धावते. कागद जर्मनीत छापलेला आहे. कोथरूडमध्ये सोसायटीच्या तळघरातून गेटपर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मी कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणून, निवडून, फडक्यात गुंडाळून ठेवू शकतो.

दोष इंजिनाचा नाही. इंजिनाबद्दल कुणाचीच तक्रार नाही, समोरच्या इमारतीतले आजोबा सोडून. दोष आहे गाडीच्या नाकाखाली, जमिनीपासून जेमतेम मूठभर उंचीवर बसवलेल्या एका काळ्या पट्टीचा. पुस्तकात तिला फ्रंट स्पॉयलर म्हणतात, साडू 'लिप' म्हणतात आणि गॅरेजवाला 'खालचं प्लास्टिक'.

साडू चिंचवडच्या एका कारखान्यात हयात घालवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले इंजिनिअर. फंडाचे पैसे हातात आल्यावर माणसं चारधाम करतात, नाहीतर तळेगावला प्लॉट घेतात. मेहुणीची पसंती प्लॉटला होती. साडूंनी मुंबईच्या एका गृहस्थांकडून ही दोन दारांची, दोन माणसांची, लाल रंगाची गाडी सेकंडहँड उचलली. किल्ली देताना त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते आनंदाश्रू होते हे आम्हाला पहिल्या स्पीडब्रेकरवर कळलं.

आता ही पट्टी असते कशाला, हे साडूंनी मला इतक्या वेळा समजावलं आहे की मी त्यावर शिकवणी घेऊ शकेन. गाडी वेगात निघाली की थोडी हवा तिच्या पोटाखाली शिरते. तिथे नळ्या, सस्पेन्शन, नटबोल्ट असा सगळा संसार मांडलेला. हवा त्यात अडखळते, कोंडते आणि गाडीचं नाक वर उचलू पाहते. नाक उचललं की स्टिअरिंग हलकं लागतं, आणि दीडशेच्या पुढे हलकं स्टिअरिंग ही काही सुखाची गोष्ट नव्हे. म्हणून नाकाखाली पट्टी लावायची. हवेला दारातच अडवायचं, बाजूने वाट काढून द्यायची.

पोर्शची ९११ साठच्या दशकात आली तेव्हा इंजिन मागे असल्यामुळे तिचं नाक हलकं पडायचं. त्यावरचा पहिला इलाज थेट नाना पेठेतल्या मेस्त्रीने सुचवावा असा होता: पुढच्या बंपरच्या आत ओतीव लोखंडाची वजनं बसवली. पुढे १९७२च्या मॉडेलला ९११ एसच्या नाकाखाली स्पॉयलर आला. १९७३ साली बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो काढली, तेव्हा तर पुढच्या स्पॉयलरवर गाडीचं नाव उलट्या अक्षरांत रंगवलं होतं. पुढच्या माणसाने आरशात वाचावं आणि मुकाट्याने बाजूला व्हावं, असा हेतू. जर्मनीत यावरून मोठा गदारोळ झाला म्हणतात. पुण्यात काहीच झालं नसतं. पुढच्या स्कूटरला आरसा नसतो, आणि असला तर त्यात फक्त चालकाचा भांग दिसतो.

खरी गंमत पुढेच आहे. हवेचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग घटला की तो त्याच हिशेबाने कोसळतो. ताशी शंभरला जेवढा जोर, त्याचा पंचविसावा हिस्सा ताशी वीसला. आणि संध्याकाळी सात वाजता कर्वे रस्त्यावर ताशी वीस मिळाले तर माणूस घरी जाऊन देवापुढे साखर ठेवतो. त्या वेगाला स्पॉयलर गाडीला जेवढं खाली दाबतो, त्याहून जास्त बोनेटवर येऊन बसलेली सोसायटीची मांजर दाबते. मी हे साडूंना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी मांजरीकडे पाहिलं, मनातल्या मनात आकडेमोड केली आणि म्हणाले, "साडूभाऊ, मांजर पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे बसते. तिचा सगळा भार नाकावर येत नाही." इंजिनिअर माणसाशी वाद घालू नये तो असा.

म्हणजे वाऱ्याशी लढायला नेमलेला हा शिपाई आमच्याकडे आयुष्यभर जमिनीशी लढतो. आणि जमीन कशी, तर आपल्या गावची.

गतिरोधक कसा असावा हे ठरलेलं आहे, यावर विश्वास बसणार नाही, पण आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४पासूनची संस्था. तिच्या मानकात माप दिलंय. लांबी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी पंचवीसने जाणाऱ्याला सोसेल असा. साडूंनी कंपासपेटी काढून हे तपासलं. १७ मीटरच्या वर्तुळाची ३.७ मीटरची जीवा घेतली की मधली उंची बरोबर १० सेंटिमीटर येते. "बघा, कुणीतरी डोकं लावलंय," ते सद्‌गदित होऊन म्हणाले. असा एक गतिरोधक आम्हाला एका संशोधन संस्थेच्या आवारात सापडला. गाडी त्यावरून इतकी अलगद गेली की साडूंनी ती वळवून पुन्हा नेली. सुरक्षारक्षकाने नाव-नंबर लिहून घेतला.

रस्त्यावरचे गतिरोधक मात्र दुःखातून जन्माला येतात. चौकात कुणीतरी कुणालातरी उडवतं, संध्याकाळी लोक जमतात, रात्री कुठूनसं डांबर येतं आणि सकाळी दीड फूट रुंद, अर्ध्या वितेहून उंच असा एक वरवंटा रस्त्यात निजलेला असतो. त्यावर पांढरे पट्टे हवेत. ते पहिल्या पावसात जातात, किंवा रंगाचा डबा येईपर्यंत उत्साह जातो. काही ठिकाणी सिमेंट, काही ठिकाणी पेव्हर ब्लॉक. सोसायट्यांत काळ्यापिवळ्या प्लास्टिकचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले असतात. प्लास्टिक सहा महिन्यांत उडतं, खिळे निष्ठेने राहतात. कोकणात एका वाडीत तर जाड दोरखंडच आडवा टाकलेला पाहिला. साडूंना तो फार आवडला. दोर लिपला ओरखडा काढत नाही, आणि वाडीतला एक मुलगा ओळख झाल्यावर तो हाताने बाजूला ओढून धरायचा.

असा वरवंटा आला की गाडी सरळ न्यायची नसते. तिरकी घालायची. आधी उजवं चाक चढवायचं, नाक एका बाजूने वर घ्यायचं, मग डावं. पुस्तकी हिशेबाने हे अचूक आहे. फक्त त्या अर्ध्या मिनिटात लाल रंगाची एक लांबलचक गाडी दोन्ही बाजूंचा रस्ता अडवून आडवी उभी असते. मागचे म्हणतात, वळतोय. समोरचे म्हणतात, यू-टर्न घेतोय. दुचाकीवाले काहीच म्हणत नाहीत, ते फटीतून जातात. एकदा एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून शांतपणे विचारलं होतं, "काका, वळायचंय का चढायचंय? एक काय ते ठरवा."

या सगळ्यात माझं काम उतरून बघण्याचं. गाडीत दोनच जागा. दुसरी माझी, आणि ती मला कशासाठी मिळाली आहे याबद्दल माझ्या मनात कसलाही संभ्रम नाही. स्पीडब्रेकर दिसला की दार उघडायचं, आधी डावा पाय, मग चौकटीला धरून उरलेला मी असं बाहेर यायचं (बैठक इतकी खाली आहे की आपण गाडीतून उतरत नाही, चढतो), पुढे जायचं, गुडघे टेकायचे, गाल रस्त्याजवळ नेऊन लिप आणि डांबर यांच्यामधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतोय का ते पाहायचं. उजेड दिसत असेल तोवर "येऊ द्या, येऊ द्या". उजेड गेला की "थांबा!" आणि खर्रर्र आवाज आला की काहीच म्हणायचं नाही, उठून आकाशाकडे बघायचं. हा आवाज ऐकून अख्खा चौक "आई गं" म्हणतो. परक्या माणसाच्या नुकसानीबद्दल इतकी मनापासून हळहळ मी दुसऱ्या कुठल्याच प्रसंगी ऐकलेली नाही.

सर्वांत अवघड जागा तळघराचा रॅम्प. तो जिथे संपतो तिथे पावसाच्या पाण्यासाठी लोखंडी जाळी, आणि जाळीपुढे गेटचा उंबरा. यावर साडूंनी फळ्यांचा उपाय काढला. चाकाखाली फळी घातली की चढ तेवढा सौम्य होतो. फळ्या आणायला सुताराकडे जायचं तर गाडी बाहेर काढावी लागणार, आणि गाडी बाहेर काढायला फळ्या लागणार. तेव्हा त्यांनी घरातले दोन पाट नेले. शिसवी, पितळी फुल्या ठोकलेले, मेहुणीच्या माहेरचे. खाली आडव्या पट्ट्या असल्यामुळे उंची नेमकी हवी तेवढी. दोन्ही पाट तेव्हापासून गाडीच्या डिकीत असतात (ती पुढे आहे, इंजिन मागे, यावरून पेट्रोल पंपावर रोज नवा माणूस हसतो). गौरी जेवणाच्या दिवशी पाटांची शोधाशोध झाली आणि डिकी उघडावी लागली. एका पाटावर टायरची नक्षी उमटली होती, अगदी स्पष्ट, कंपनीच्या नावासकट. मेहुणी एकच वाक्य बोलली, "लग्नात या पाटावर बसला होतात तुम्ही." साडूंनी ते कौतुक समजून, "हो ना, मजबूत आहे," असं उत्तर दिलं. त्या दिवशी त्यांना वरण उशिरा वाढलं गेलं.

लिप पहिल्यांदा अर्धी निखळली ती मात्र स्पीडब्रेकरवर नाही, एका मॉलच्या पार्किंगमध्ये. चाक अडावं म्हणून तिथे सिमेंटचे बुटके ठोकळे असतात. आमच्या गाडीचं चाक ठोकळ्यापर्यंत पोचायच्या आत नाक त्याच्यावरून पलीकडे जातं. जातं ते गुपचूप. येताना, म्हणजे रिव्हर्स घेताना, लिप ठोकळ्याला मिठी मारते आणि सोडत नाही. गाडी मागे येते, बंपर तिथेच राहायचं म्हणतो. तेव्हापासून साडू सगळीकडे गाडी उलटी लावतात.

निखळलेली लिप बघायला गॅरेजवाला घरी आला, कारण गाडी त्याच्याकडे न्यायची तर वाटेत किती वरवंटे हे त्याला पाठ होतं. तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि आम्हालाही बॅटरीच्या उजेडात दाखवलं. वरून लखलखणाऱ्या त्या गाडीची खालची कड कुरतडल्यासारखी झाली होती. काळ्या प्लास्टिकचे केसासारखे तंतू लोंबत होते, मध्ये डांबर चिकटलेलं, एका खाचेत काळ्यापिवळ्या गतिरोधकाचा पिवळा कपचा, आणि कोपऱ्यात वाहनपूजेच्या दिवशी अडकलेला करवंटीचा तुकडा. चार क्लिपा तुटल्या होत्या. साडूंना भरून आलं. गॅरेजवाला हात पुसत म्हणाला, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. ही गाडीची चप्पल आहे. चप्पल झिजणारच. पाय शाबूत आहे ना?" आणि त्याचं खरं आहे. पुष्कळ कंपन्या हा तुकडा मुद्दाम वेगळा, लवचीक, चार स्क्रू काढले की सुटणारा करतात. बंपर वाचावा म्हणून तो मरायलाच ठेवलेला असतो. साडूंना हे तांत्रिक अंगाने मान्य आहे. भावनिक अंगाने ते अजून त्या मॉलमध्ये जात नाहीत.

गाडीचा खरा मान मात्र लग्नात झाला. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत नवरदेवाला लाल स्पोर्ट्स कारमधून न्यायचं ठरलं. माझा अंदाज होता की वरातीचा वेग हाच या गाडीचा खरा वेग. पुढे बँड, मागे गाडी, तासाला एक किलोमीटर. याहून सुरक्षित काय? पण सुरुवातीलाच करवली रडवेली झाली, कारण गाडीत तिला जागा नव्हती. ती कलश घेऊन शेजारून चालत होती आणि तरी खिडकीत वाकूनच भावाशी बोलत होती. नवरदेवाचा फेटा छताला लागत होता, म्हणून तो मान तिरकी करून बसलेला. फोटोंत तो सबंध लग्नभर कसल्यातरी विचारात दिसतो.

निम्म्या वाटेवर जनरेटरच्या हातगाडीची जाड केबल रस्त्यात आडवी आली. नुसती केबल एकवेळ चालली असती, पण तिच्यावर कुणी अडखळू नये म्हणून मांडववाल्याने फळकूट ठोकलं होतं. मी रेशमी झब्ब्यात रस्त्यावर गुडघे टेकले. "येऊ द्या," म्हणालो. बँडवाल्यांना वाटलं आपल्यालाच, त्यांनी ठेका वाढवला. वऱ्हाडातल्या दोन तरुणांना वाटलं हा नाचाचाच प्रकार, तेही शेजारी गुडघ्यांवर बसून हात हलवू लागले. मी "थांबा" म्हणत होतो ते ताशात कुणालाही ऐकू गेलं नाही. खर्रर्र मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. ताशासुद्धा थांबला.

कार्यालयाच्या दारात आणखी एक. तिथे उंबऱ्याइतका चढ, त्यावर गालिचा, आणि गालिच्याखाली नक्की काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. आत गुरुजी माइकवरून "मुलाकडच्यांनी लवकर यावं, मुहूर्त टळतोय" असं सांगत होते. मुलीची आई औक्षणाचं तबक घेऊन उभी. नवरदेव इतका खाली की तिला तबकासकट पूर्ण वाकावं लागलं. निरांजन विझलं, पुन्हा लावलं. "जावई एवढे खाली का बसलेत?" असं कुणीतरी आजी विचारत होत्या. साडूंनी डिकीकडे हात नेला. मेहुणीने नुसतं पाहिलं. पाट निघाले नाहीत. शेवटी नवरदेव उतरून चालत आत गेला, लग्न वेळेवर लागलं, आणि साडूंनी मंगलाष्टकं दारातूनच ऐकली. अक्षता त्यांनी गाडीवर टाकल्या.

कंपन्यांना हा त्रास ठाऊक नाही असं नाही. महागड्या गाड्यांना हल्ली नाक उचलण्याची सोय असते. बटण दाबलं की पुढचा भाग दोन-चार सेंटिमीटर वर येतो, अडथळा गेला की पुन्हा खाली. अमेरिकेत असलेला साडूंचा मुलगा परवा फोनवर नव्या कॉर्व्हेटचं सांगत होता. तिच्यात उपग्रहावरून जागा लक्षात ठेवायची सोय आहे. एकदा एखादा चढ नोंदवला की पुढच्या वेळी गाडी तिथे आपण होऊन नाक वर करते. अशा एक हजार जागा ती लक्षात ठेवते. "बाबा, एक हजार!" तो म्हणाला. साडू थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "स्वारगेटच्या पुढे जायचं असलं तर?"

त्यांची स्वतःची नोंद वहीत आहे. दोनशे पानी, रेघांची. कुठल्या रस्त्यावर कुठला गतिरोधक, उंची किती, कुठल्या बाजूने तिरकी घ्यायची, कुठे चेंबरचं झाकण खाली गेलंय आणि कुठे वर आलंय. नवे उगवले की लाल शाईने, खरवडले गेले की पेन्सिलीने काट. सकाळचा पेपर आला की साडू आधी बघतात कुणी मोठा पाहुणा शहरात येणार आहे का. आला की दोन दिवस आधी त्याच्या वाटेवरचे वरवंटे नाहीसे होतात, खड्डे बुजतात, रस्ता तुळतुळीत होतो. ताफा निघून गेला की त्याच रस्त्याने साडू निघतात. राजकारणाशी त्यांचा तसा काही संबंध नाही, पण पाहुणे कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांच्याविषयी साडूंचं मत चांगलं आहे.

रविवारी पहाटे मात्र ते मला द्रुतगती मार्गावर नेतात. चांदणी चौकापासून किवळ्यापर्यंत श्वास रोखून, मग टोल, आणि मग एकदम समोर मोकळा काँक्रीटचा रस्ता. ताशी शंभरची मर्यादा आहे. साडू ती काटेकोर पाळतात, नव्व्याण्णववर काटा ठेवून. पण त्या नव्व्याण्णवमध्ये गाडी जी जमिनीला धरून चालते, स्टिअरिंग हातात जे भरीव लागतं, ते मीही नाकारणार नाही. लिप पहिल्यांदाच आपल्या नेमणुकीच्या कामावर असते आणि साडूंच्या चेहऱ्यावर कारखान्यातला पहिला पगार झालेला असतो. हे सुख घाटातल्या पट्ट्या सुरू होईपर्यंत टिकतं. त्या पट्ट्या लिपला लागत नाहीत, फक्त दातांना लागतात. वाटेत चहाला थांबत नाही, कारण फूड प्लाझाच्या तोंडाशी काय आहे ते वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे. चहा थर्मासमध्ये असतो. तो गाडीत पिता येत नाही, कारण कप ठेवायला जागा नाही. तेव्हा तो थर्मास तसाच खंडाळ्यापर्यंत जाऊन येतो.

गेल्या महिन्यात लिप पुरती गेली. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, आता लावूच नका. आणि स्प्रिंगा जरा उंच टाकू, दोन इंच. कुठंही न्या मग." मेहुणीने देवाला हात जोडले. साडूंनी तीन दिवस विचार केला आणि बाहेरून नवी लिप मागवली. कार्बन फायबरची. जुनीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली.

"कशाला?" मी विचारलं.

"ताशी दोनशेला फार फरक पडतो," ते म्हणाले.

"आपण दोनशेने कधी जाणार?"

"प्रश्न जाण्याचा नाही हो, तत्त्वाचा आहे."

नव्या लिपसोबत त्यांनी आणखी एक पार्सल मागवलं होतं. ते माझ्या वाढदिवसाला घरी आलं. फरशी बसवणारे कारागीर गुडघ्यांना बांधतात तशा दोन जाड गाद्या, आणि कपाळाला लावायची एक बॅटरी.